मास्तरांच्या हातांसाठी प्रार्थना

चर्चमधली रविवारची उपासना संपून दहा मिनिटं झाली नव्हती, तोवर सहा जणांनी टेलर मास्तरांचे हात आपल्या हातात घेऊन दाबले होते. सातवे आले ते बँकेतले साहेब. त्यांनी हात दाबला नाही, नुसता निरखून पाहिला.

"मास्तर, कोटाची काही घाई नाही हं," ते म्हणाले. "मंगळवारी येतो, कापड घेऊन जातो. तुम्ही विश्रांती घ्या."

मास्तरांनी दोन्ही हात खिशात घातले. दानपेटीजवळ उभ्या असलेल्या छोट्या बाईंकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि बायकोसाठीही न थांबता ते फाटकाबाहेर पडले.

छोट्या बाई म्हणजे पाळकसाहेबांच्या हाताखाली तयार होत असलेली सव्वीस वर्षांची मुलगी. धर्मशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा करून दोन वर्षांपूर्वी ती इथे आली. वर्षअखेर पाळकसाहेब निवृत्त होणार आणि चर्चची मंडळी तिच्यावर सोपवणार, असं जवळजवळ ठरलं होतं. उपदेश ती छान करायची. आजाऱ्याच्या घरी पायऱ्या मोजून चार मजले चढायची. आणि रविवारची सामुदायिक प्रार्थना तर तिच्या तोंडून ऐकावी असं म्हातारी माणसंसुद्धा म्हणायची. त्याच प्रार्थनेत आज तिने, माइकसमोर, डोळे मिटून, अगदी मनापासून म्हटलं होतं, "प्रभू, आमच्या टेलर मास्तरांच्या हातांना कंप सुटला आहे. त्या हातांना स्थैर्य दे."

मास्तरांनी ते तिला गुरुवारी सांगितलं होतं. दुकानाचं शटर अर्धं ओढून, एकटीला.

मास्तरांचं अर्धं गिऱ्हाईक त्या बाकांवर बसलेलं होतं, हे तिच्या लक्षात आलं ते "आमेन" म्हणून डोळे उघडल्यावर. 

सोमवारी सकाळी ती पाळकसाहेबांच्या खोलीत गेली. खोली अरुंद, दोन खुर्च्या आणि एक कपाट. कपाटाचं दार आपोआप उघडायचं, म्हणून साहेब फटीत पुठ्ठ्याची घडी बसवत होते.

"साहेब, तुम्हीच जा ना मास्तरांकडे. तुमचं ते ऐकतील."

"माझ्यावर कुठे चिडलेत ते?"

"मग पुढच्या रविवारी मी जाहीर सांगते, की काळजीचं काही कारण नाही म्हणून."

"वा! म्हणजे जे काल आले नव्हते त्यांनाही कळेल."

रडू फुटायच्या बेतात असतानाही तिला हसू आलं. साहेबांनी पुठ्ठा सोडला, दार पुन्हा उघडलं. ते तसंच ठेवून ते खुर्चीत बसले.

"आता जगजाहीर झालंच आहे, तर मलाही सांग. गुरुवारी काय म्हणाले मास्तर? तुझ्या शब्दांत नको. त्यांच्या."

"म्हणाले, 'ताई, दोन महिने झाले, हात थरथरतायत.'"

"बरं. मग?"

"मग..." ती थांबली. मास्तर पुढे चांगली पाच मिनिटं बोलले होते. इस्त्रीचा वास तिला आठवत होता, गळ्यातली मोजपट्टी आठवत होती, त्यांचे हलणारे ओठही दिसत होते. शब्द मात्र एकही सापडेना. त्या पाच मिनिटांत आपण काय करत होतो, हे तिला आठवलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

"साहेब, मी प्रार्थना जुळवत होते. कंप म्हणावं की थरथर, स्थैर्य म्हणावं की बळ. त्यांचं बोलणं संपल्यावर लगेच म्हणता यावी म्हणून."

"म्हटलीस?"

"म्हटली. तीच रविवारी पुन्हा म्हटली."

पाळकसाहेब रागावले नाहीत. उलट जुना ओळखीचा माणूस भेटावा तसे हसले. "आपल्या धंद्याचा रोग आहे हा. समोरचा बोलत असतो आणि आपण मनात उपदेशाच्या व्यासपीठावर चढलेलो असतो. मी अजून चढतो. आमची ही म्हणते, 'अहो, खाली उतरा, भाजी काय आणू ते विचारतेय.'"

मग ते गंभीर झाले. "जा त्यांच्याकडे. माफी एका वाक्यात माग आणि गप्प बस. आपल्याला सवय नसते, जड जाईल."

मंगळवारी दहा वाजता ती दुकानात पोचली. मास्तर मशीनमध्ये तेल घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मास्तर, तुम्ही विश्वासाने सांगितलेलं मी चारचौघांत बोलले. माझं चुकलं."

"हं."

पुढचं वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं, फार सुंदर होतं. ते तिने गिळलं. मास्तरांनी पायाने एक स्टूल तिच्याकडे सरकवलं. "बसा. उभं राहिलात तर लोकांना वाटेल, आणखी कोणी कापड परत न्यायला आलंय."

ती बसली. मास्तरांचा उजवा हात मांडीवर होता आणि त्याचा अंगठा तर्जनीवर घासत होता, अदृश्य दोऱ्याची गोळी वळावी तसा. सेकंदाला चारपाच वेळा, एका लयीत. तिने गुरुवारी हा हात पाहिलाच नव्हता.

तेवढ्यात बँकेतले साहेब आले. "मास्तर, ते कापड..."

छोट्या बाई उठणारच होत्या. साहेब, कृपा करून नेऊ नका, माझ्यामुळे झालं सगळं, असं बरंच काही त्या बोलल्या असत्या. मास्तरांनी नुसतं पाहिलं त्यांच्याकडे. त्या स्टुलावर घट्ट बसून राहिल्या.

"बसा साहेब, देतो," मास्तर म्हणाले. "त्याआधी एक बघा. हा हात. थरथरतोय ना?"

साहेब अवघडले. "अहो, राहू द्या हो..."

"थरथरतो. रिकामा असला की थरथरतो. आता बघा." त्यांनी साहेबांचं राखाडी कापड टेबलावर पसरलं, खडूने वीतभर लांब रेघ मारली आणि कडेच्या फालतू पट्टीवर मोठी कात्री चालवली. हात कात्रीला लागताच थरथर थांबली. कात्री रेघेवरून अशी गेली की खडूची पूड दोन्ही बाजूंना सारखी राहिली.

"कामाला लागला की गप. या ताईंना मी गुरुवारी हेच सांगत होतो, पण त्या देवाशी बोलत होत्या."

साहेब हसले, पण पट्टी उचलून उजेडात धरून पाहायला विसरले नाहीत. मग म्हणाले, "बाह्या जरा लांब ठेवा. मागच्या आखूड झाल्या होत्या."

"आखूड नव्हत्या. तुम्ही वाढलात."

साहेब गेले. सगळंच काही रुळावर आलं नव्हतं. सकाळीच एक बाई ब्लाउजचं कापड घेऊन गेली होती आणि ती काही परत येणार नव्हती. मास्तरांनी ते सांगितलं, छोट्या बाईंनी मान खाली घालून ऐकलं.

बऱ्याच वेळाने मास्तर म्हणाले, "प्रार्थना करायची राहिली असेल तुमची, तर करा. पण हळू."

तिने डोळे मिटले नाहीत. "कशासाठी करू, मास्तर?"

हे त्यांना कोणी विचारलं नसावं. ते मशीनच्या चाकावर हात ठेवून विचार करत राहिले. ती वाट पाहत राहिली. मनात एकही शब्द जुळवला नाही. मग ते बोलू लागले. काय बोलले ते इथेही लिहायचं कारण नाही. हातांबद्दल त्यात थोडंच होतं.

दुपारी पाळकसाहेबांनी तिला दारातच गाठलं. "काय झालं? बोलले?"

"बोलले. खूप वेळ."

"काय म्हणाले?"

"ते नाही सांगणार, साहेब."

"मलासुद्धा?" साहेबांच्या चेहऱ्यावर उत्सुकता स्पष्ट दिसत होती. चाळीस वर्षं सगळ्यांची गुपितं ऐकलेला माणूस, त्यालाच एका गुपिताबाहेर ठेवून दार लावलं गेलं होतं.

"तुम्हालासुद्धा."

"बरं बाई," ते म्हणाले आणि येत्या रविवारी कोणाकोणासाठी प्रार्थना करायची त्याचा कागद त्यांनी तिच्याच हातात दिला. मग बायकोला हाक मारून, तिघांसाठी चहा टाक, असं सांगितलं. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा जरा मोठा आणि खुशीचा होता.