गोळा पास झाला, पुढे कुठे गेला?

मित्रांनो, मी एक जुना गेज आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर तोफगोळ्याचं माप घेणारं पोलादी कडं. सध्या हिंदी मुलखातल्या खमरिया या कारखान्याच्या गावी एका घरात वर्तमानपत्रं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर बसून असतो.

तोफगोळ्यांच्या कारखान्यात मला घासूनपुसून अगदी अचूक केलं होतं. नीलकंठराव तिथे तपासनीस होते. गोळा माझ्यातून अलगद निघाला की पास, अडकला की बाद. आमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! साहेब त्यांची पाठ थोपटत आणि इकडे मी फुगायचो. पुढे झिजलो, बाद ठरलो. तेव्हा सोबत्यांनी रीतसर परवानगी काढून नीलकंठरावांना निरोपाच्या दिवशी मला भेट दिलं. दर खंडेनवमीला हत्यारं-अवजारं पुजतात ना, तेव्हा या घरात झेंडूचं फूल आणि कुंकू मला मिळतं.

यंदा पूजा मांडली आणि टीव्हीवर एक पडझड झालेलं गाव दिसलं. एका देशाने शेजारच्या देशात सैन्य घुसवून तोफा डागल्या होत्या. आमच्या हातचे काही गोळे पूर्वी त्याच तोफा डागणाऱ्या देशाला विकले गेले होते. गावावर पडलेले तेच होते की दुसरे, हे सांगणार कोण? नीलकंठरावांचं कुंकवाचं बोट माझ्यापाशी येऊन थांबलं.

त्यांची नात मैत्रेयी कायदा शिकते. असं दुसऱ्याच्या देशात घुसता येतं का, असं त्यांनी तिला विचारलं. ती म्हणाली, स्वतःवर किंवा मदत मागणाऱ्या मित्रदेशावर हल्ला झाला असेल, त्या देशाच्या सरकारनेच बोलावलं असेल किंवा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने मुभा दिली असेल तरच. एरवी ते बेकायदा, जिंकलं तरी. दसऱ्यानंतर कॉलेजात तिला यावरच बोलायचं होतं.

मग तिने हळूच विचारलं, “आजोबा, गोळे कुठे जाऊन राहिले, तुम्ही कभी पूछा नहीं?”

“आमचं काम माप पाहाचं होतं, बेटा.”

हे मीही वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो होतो. त्यांच्या तोंडून ऐकलं आणि मला शरम वाटली.

त्यांनी बोट पुसलं, मला उचलून तिच्या हातात दिलं. “भाषणाले घेऊन जा. सांग, याले फक्त माप समजे.” मग म्हणाले, “नाही. याचं नको, माझंच नाव सांग.”

मित्रांनो, मला गंजू देऊ नका, असं मी सांगणार होतो. गंजलो तरी चालेल. पण तुमच्या हातून एखादी गोष्ट पुढे गेली, तर ती कुठे जाते तेवढं विचारा. आम्ही विचारलं नाही.