रविवारची ओली माती

कल्पनाला काळजी करायला एरवी कारण लागत नसे. गॅस बंद केला की नाही, एवढ्या शंकेवरून ती बसस्टँडवरून घरी परत आलेली आहे. आता तर खरंखुरं कारण मिळालं होतं. नवऱ्याच्या, योगेंद्रच्या, मानेजवळ गाठ आली होती. इंदूरच्या डॉक्टरांनी तिचा तुकडा काढून तपासायला पाठवला होता आणि रिपोर्ट यायचा होता. त्यात भर म्हणून अंगणातल्या तुळशीने मान टाकली.

तुळस धारची. सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, रोप बसमधून मांडीवर धरून देवासला आणून दिलं होतं. घरची तुळस वाळली की घरावर काहीतरी येतं, हे कल्पना लहानपणापासून ऐकत आलेली. स्वतः बी.एससी. झालेली, शाळेत मुलांना विज्ञान शिकवणारी बाई. पण पिवळं पान दिसलं की तिला तेच आठवायचं.

मग ती काय करायची? पाणी घालायची. सकाळी अंघोळ झाली की तांब्याभर, शाळेतून आली की आणखी तांब्याभर. ओतताना ओठ हलत राहायचे. गाठ साधी निघू दे, गाठ साधी निघू दे. तुळस मात्र दिवसेंदिवस उतरतच चालली. शेंडे काळपटले, पानं गळू लागली. योगेंद्र उठायच्या आत ती गळलेली पानं वेचून टाकायची, त्याच्या नजरेला पडायला नकोत म्हणून. तो आधीच धड जेवत नव्हता. काही विचारलं की म्हणायचा, "टेन्शन नको घेऊ यार, रिपोर्ट येईल तेव्हा येईल."

रविवार उजाडला. रविवारी तुळशीला पाणी घालायचं नाही, ही माईंच्या घरची पद्धत. कल्पनाचे हात नुसते शिवशिवत होते, पण असल्या दिवसांत पद्धत मोडायची हिंमत कुठून आणायची? अंघोळ करून ती कुंडीपुढे रिकाम्या हाताने उभी राहिली आणि तिने मातीला बोट लावलं. बोट पार आत रुतलं. रोज ओतायच्या घाईत तिने मातीकडे धड पाहिलंच नव्हतं. नुसता चिखल झाला होता, आणि वर पाणी साचलं होतं. आत्ताच ओतलेलं.

मग हे ओतलं कोणी? मुलगी जान्हवी शिकायला पुण्यात, घरात दोघंच. आणि योगेंद्रला मेथी कुठली नि कोथिंबीर कुठली, हेही सांगावं लागायचं.

तो स्वयंपाकघरात तांब्या पुसत होता.

"तुम्ही तुळशीला पाणी घातलंत?"

"अं? हो. थोडंसं."

"आज रविवार आहे!"

"रविवारचं लक्षातच नव्हतं गं."

"म्हणजे रोज घालता?"

"तू अंघोळीला गेलीस की."

"कशाला? देवापुढे कधी हात न जोडणारे तुम्ही..."

योगेंद्र स्टुलावर बसला. तांब्या मांडीवरच राहिला. "कल्पना, रिपोर्ट आलाय. गुरुवारीच, मोबाईलवर. गाठ साधी नाहीये."

तिला रडू आलं नाही. आधी संताप आला. "गुरुवारी? आणि मी तेव्हापासून येड्यासारखी तिथे उभी राहून मागतेय!" ती ओरडली. जे ठरून गेलं होतं तेच ती मागत बसली होती. मग ती ओट्याला टेकली.

"डॉक्टर म्हणतात, लवकर सापडलंय. ऑपरेशन करू. उद्या बोलावलंय," तो घाईघाईने म्हणाला. "फॅक्टरीत जातो सांगून निघणार होतो. वाटलं, तुळस जरा सावरली की तुला सांगू. ती अशी मरायला टेकलेली असताना कसं सांगणार? तू तर तिथेच खचली असतीस."

तेवढ्यात फोन वाजला. धारहून माई. योगेंद्रने हातानेच नको म्हणून खूण केली. कल्पनाने आवाज सावरला आणि तुळशीचं तेवढं सांगितलं.

"पाणी किती घालतेस?"

"मी दोनदा, माई. आणि हेही घालतात, मला न सांगता."

"अगं, बुडवलीत की तिला दोघांनी! कुंडी उपडी कर, काळी पडलेली मुळं काप आणि कोरड्या मातीत लाव."

"पण आज रविवार."

"जीव चाललाय तिचा, आणि वार कसला बघतेस? एवढं काय मागत होतात गं दोघं?"

कल्पनाने योगेंद्रकडे पाहिलं. माईंनी ताणून धरलं नाही. "मागावं, मागायला ना नाही. पण आधी मिळालेलं सांगावं. मी रोज एक सांगते. आज गुडघ्यांनी जिना चढू दिला, तेच सांगितलं."

दोघांनी अंगणात कुंडी उपडी केली. कुबट वास आला. योगेंद्रने रोप धरलं. कल्पनाने कात्री चालवली. बरीचशी मुळं लिबलिबीत होऊन हातात आली. पांढरी राहिली ती थोडीच. कोरड्या मातीत वाळू मिसळून तिने रोप लावलं. जगेल की नाही, कोण सांगणार.

मग ती तिथेच उभी राहिली. मिळालेलं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? उद्या त्याला डॉक्टरपुढे बसवायचं, आणि आज आभार मानायचे? तिला माईंचा राग आला, तुळशीचाही आला. 

"आज ह्यांनी मला सांगितलं," ती शेवटी म्हणाली, आणि मग तिचा बांध फुटला.

योगेंद्र शेजारी येऊन उभा राहिला. मातीने भरलेले हात त्याने तसेच जोडले.

"आणि उद्या मी एकटा जाणार नाहीये," तो तुळशीला म्हणाला.