भरतीच्या बाटल्या

खाडीकाठच्या दवाखान्यात त्या सकाळी तिघंजण पहिल्यांदाच एका टेबलाशी बसले. माणसं तपासणाऱ्या नर्सताई, जनावरं तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई आणि अकरा वर्षं खाडीचं पाणी तपासणारे पाणीवाले काका. जुलाबाची साथ कुठून येते, ते तिघांनी मिळून शोधायचं होतं.

"तेरा घरं आजारी," म्हणत नर्सताईंनी नकाशावर तांबडी टिंबं दिली.

"बदकं मेली ती इथे, मांजरं इथे." डॉक्टरीणबाईंची निळी टिंबं तांबड्यांना खेटून बसली.

काका मिशीत हसले. "तुमचं चालू द्या. माझी अकरा वर्षांत एक बाटली नापास नाही! घरीसुद्धा सूनबाईला सांगून ठेवलंय, शिंपल्या बिनधास्त काढ."

"काका, बाटल्या भरता कधी?" नर्सताईंनी विचारलं.

"भरती पुरी चढली की. होडी थेट नमुना घ्यायच्या खांबापर्यंत जाते. ओहोटीला त्या मांडीभर चिखलात कोण मरायला जातंय?"

"आणि शिंपल्या कधी काढतात?"

"ओहोटी..." काकांनी नकाशा स्वतःकडे ओढला.

गोष्ट साधी होती. चमचाभर घाण हंडाभर पाण्यात टाकली तर दिसत नाही. हंडा रिता झाला की तीच तळाशी उरते. भरतीला खाडीचा हंडा भरलेला असतो. शाळेतल्या पोरालाही कळेल असं हे, पण हुशार माणसाला अकरा वर्षं सुचलं नव्हतं.

दुपारी ओहोटी लागली तसे तिघं चिखलात उतरले. खांबामागे घागरीच्या तोंडाएवढा पाइप उघडा पडला होता. त्यातून काळं पाणी थेट शिंपल्यांच्या वाफ्यावर पडत होतं, आणि त्यात पिसं तरंगत होती.

"वरच्या कोंबड्यांच्या शेडचं धुवण," डॉक्टरीणबाई नाक दाबून म्हणाल्या.

काकांनी चिखलात उभ्या उभ्याच घरी फोन लावला. "सूनबाई, शिंपल्या करू नकोस!"

"अहो बाबा, परवाच खाल्ल्या की. नुसत्या वाफवलेल्या. चिमीनं दोनदा मागून घेतल्या."

"चिमी कशी आहे?"

"सकाळपासून चारदा पातळ झालं. ऊन लागलं असेल."

काका चपला चिखलातच सोडून धावले. मागून पिशवी सांभाळत नर्सताई.

नात चटईवर निपचित पडली होती. नर्सताईंनी जीभ पाहिली, अंगातलं पाणी किती आटलंय ते बघायला पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली आणि साखर-मिठाचं पाणी कालवलं. "चमचा चमचा पाजत राहा. संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही, तर मोठ्या दवाखान्यात हलवू."

सूनबाई चमचा घेऊन बसली. "पण बाबा, पाणी चांगलं आहे म्हणाला होतात ना?"

काका दारातच उभे होते. आत यायचं धाडस होईना.

"मी कधी ओहोटीला गेलोच नाही गं," ते म्हणाले.

सूनबाईनं मान वर केली नाही. चिमीच्या ओठांशी तिनं पुढचा चमचा धरला.