म्हाताऱ्यांची बैठक

सरांनी समोरचा माइक हळूच शेजारच्याकडे सरकवला. आज तोंड उघडायचं नाही, असं घरी कबूल करून आले होते ते.

सिनेटपुढचा ठराव साधा होता: पंचाहत्तरी उलटलेल्या सदस्यांनी पायउतार व्हावं. उलटलेले एकटे सरच. जन्मभर भाषा शिकवली आणि निवृत्त झाल्यावर विद्यापीठाच्या या बैठकांना चिकटले ते चिकटलेच. राजीनामा लिहायला हात धजत नव्हता, आणि इकडे बायकोची नजर दिवसेंदिवस अधू होत चालली होती.

"लेकीकडे जाऊन राहू या हो," ती काल म्हणाली होती. "नातीचा चेहरा दिसतोय तोवर. तुमच्याने सोडवत नसेल, तर ते काढतायत तेव्हा निदान गप्प बसा."

सरांना पटलं होतं. थकलेच होते ते. तेच तेच वाद, तोच गार चहा.

ठराव मांडणारा तरुण सदस्य तावातावाने बोलत होता. "सिनेट म्हणजे काय वृद्धाश्रम आहे?"

सरांचा हात माइककडे गेला. आता काय म्हणावं या माणसाला!

"वृद्धाश्रमच आहे," ते उठून म्हणाले. "लॅटिनमध्ये सेनेक्स म्हणजे म्हातारा. त्यावरून सिनेट. रोममध्ये वडीलधारे एकत्र बसायचे आणि राज्य कसं चालवावं ते सांगायचे. म्हाताऱ्यांना जरूर काढा. फक्त दारावरची पाटीही बदला."

सभागृह खळखळून हसलं. मग टाळ्या. सर रंगात आले, आणखी दोन-चार शब्दांची कुळं सांगून मगच खाली बसले.

"हरलो, सर," म्हणत तरुणाने ठराव मागे घेतला.

तेव्हा कुठे सरांच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो ते.

घरी बायको पलंगावर बसून, चाचपत चाचपत बॅग भरत होती.

"सुटलात ना?"

सर बूट काढत राहिले, उगाचच वेळ लावत.

"म्हणजे बोललात," ती म्हणाली. रागावली नाही. तेवढं त्राणही उरलं नव्हतं तिच्यात. "काय बोललात, ते तरी सांगा."

सरांनी सांगितलं. सांगता सांगता आवाज पुन्हा चढला, तसे ओशाळले.

"छान आहे की," ती म्हणाली. "आणि म्हातारीला काय म्हणतात हो त्यांच्यात?"

सरांना काही केल्या आठवेना. ती बॅगेतले कपडे एकेक करून बाहेर काढायला लागली.