भट्टीतली डोंगरमाती

खणकन आवाज झाला. डब्याचं झाकण फरशीवर गोल गोल फिरत राहिलं आणि प्रयोगशाळेतली शांतता मोडली.

"भिंगरी, जरा जपून गं!" तराजूवरून नजर न काढता बाई म्हणाल्या. पाळणाघराला सुट्टी, म्हणून त्यांची लेक आज इथेच होती.

त्या तराजूवर बसले होते मी. मित्रांनो, मी एक जुनी मूस आहे. मूस म्हणजे आगीत टिकणारी चिनी मातीची वाटी. चहाच्या कपाहून लहान, बिनकानाची. भट्टीत जन्मले आणि उभा जन्म भट्टीतच काढला. डोंगरातल्या जंगलाची वाळवलेली माती माझ्यात घालून जोखतात, तापवतात, पुन्हा जोखतात. पानं-मुळं कुजून मातीत मुरलेला कार्बन जळून हवेत जातो. वजन किती घटलं, त्यावरून तो किती होता याचा अंदाज बांधतात. जाळल्याशिवाय मला काही सांगता येत नाही.

बाईंचा जीव एका उतारावर अडकला होता. तिथलं रुंद पानांचं जुनं जंगल तोडून, भराभर वाढणारी सुईसारख्या पानांची झाडं लावायचा वनखात्याच्या साहेबांचा बेत होता. ती झाडं जमिनीत जास्त कार्बन साठवतात, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी त्या जुन्या जंगलातली आणि शेजारी आधीच लावलेल्या सुईपानांच्या जंगलातली वीतभर खोलीची माती आणली. सुईपानांच्या मातीचं वजन जास्त घटलं.

"झालं तर मग!" साहेब खूश. "भट्टी तुमची, तराजू तुमचा. आता माझ्याशी भांडू नका."

बाईंचा चेहरा उतरला. मला काही वाटलं नाही. मूस कुणाची बाजू घेत नाही.

बाई मात्र पुन्हा डोंगर चढल्या. सुईपानं वरच्यावर साचतात, कुजायला वेळ घेतात. रुंद पानं गांडुळं खाली ओढून नेतात. मग वरवर उकरून काय कळणार? या खेपेला त्यांनी दोन्हीकडे कमरेइतकं खणलं. खालचे थर माझ्यात तापले आणि सगळे थर मिळून जुन्या जंगलाचाच साठा मोठा निघाला.

गेल्या आठवड्यात साहेब ते आकडे बघून गेले. "हं. पण हा एकच उतार झाला, बाई. आणखी चार ठिकाणची माती जाळा. तोवर तोड थांबवतो. पण फार दिवस नाही हं!"

माझ्या काठाला आता बारीक चीर गेली आहे. मला टाकून दिलं तरी चालेल, नवी मूस बाजारात मिळते. पण मित्रांनो, जंगलात गेलात की झाडांकडे मान वर करून बघता, तसं एकदा पायाखालीही बघा. तिथला साठा बाजारात मिळत नाही.

भिंगरीने टाचा उंचावून माझ्यात डोकावून पाहिलं. आत तांबूस भुकटी उरली होती.

"आई, यातलं काळं कुठे गेलं?"

"हवेत गेलं, राणी. जंगल तोडलं, माती उघडी पडली, की हळूहळू हेच होतं. म्हणून तर तोडू नका म्हणते मी."

"मग आपणपण तेच केलं की!"

"चिमूटभर गं. साहेबांना पटावं म्हणून."

टेबलावर त्या चार ठिकाणच्या मातीच्या पिशव्यांची रांग होती. भिंगरीने त्या रांगेवरून नजर फिरवली.

"आणि त्यांना पटेपर्यंत किती जाळायचं?"

बाईंनी मला उचलायला चिमटा हातात घेतला आणि तो तसाच धरून राहिल्या.