गार्डन हॉलमधली बाळखुर्ची

मी एक खुर्ची बोलतेय. पण लगेच बसायला येऊ नका, माझ्यात तुम्ही मावणार नाही. माझे पाय उंच, बैठक चिमुकली, पुढं एक आडवी फळी आणि कमरेला पट्टा. मोठ्यांच्या टेबलाशी लेकराला बसवायचं, एवढंच माझं काम. ते सोपं असेल असं मलाही सुरुवातीला वाटलं होतं.

माझा जन्म चिकलठाण्याचा. तेव्हा जालना रोडला एकामागून एक कारखाने उभे राहत होते. परदेशातून यंत्रं यायची ती लाकडाच्या भल्यामोठ्या खोक्यांतून. यंत्रं आत जायची आणि खोकी लिलावात निघायची. असंच एक खोकं हबीब सुतारांच्या हाती लागलं. त्याच्या फळ्यांतून त्यांनी मला घडवलं, रंधा मारला, काचकागदानं घासघासून गुळगुळीत केलं आणि स्वतःचा तळहात माझ्यावरून चारचारदा फिरवला. "बच्चे का हाथ है भाई, काही टोचायला नको," असं ते मदतनिसाला सांगत होते. आपल्यासाठी कुणी इतकी काळजी घेतली की जन्मभर लक्षात राहतं.

मला घेतलं तात्यासाहेबांनी. जालना रोडलाच त्यांचं हॉटेल होतं. आधी नुसतं चहा-भजी, मग कारखान्यांतले साहेब लोक आले, वेरूळ-अजिंठा बघायला सुट्टीत कुटुंबंच्या कुटुंबं आली, आणि तात्यासाहेबांनी वर खोल्या बांधल्या. खाली गार्डन हॉल केला. दिवसा तिथं पुरी-भाजी मिळायची. दिवे लागले की तोच हॉल परमिट रूम व्हायचा. रंगीत बल्ब, सिगारेटचा धूर, आणि कोपऱ्यातल्या चौथऱ्यावर ऑर्केस्ट्रा. गाणारी बाई चमकीच्या साडीत यायची आणि साहेब लोक चिठ्ठ्या पाठवून फर्माइशी करायचे.

आता अशा जागी लेकरांचं काय काम? हा प्रश्न तात्यासाहेबांनाही पडला होता, नाही असं नाही. पण सुट्टीवर आलेला बाप बायकोला म्हणायचा, रोज रोज कुठं निघतो आपण, चल गाणी ऐकू. मग पोरं कुठं ठेवणार? तात्यासाहेबांनी त्यावर तोडगा काढला. वरच्या मजल्यावर गच्चीलगतची खोली त्यांनी पोरांसाठी मोकळी केली आणि संध्याकाळी त्यांना सांभाळायला भागूबाईला ठेवलं. मला रोज दिवेलागणीला वर नेलं जाई.

भागूबाई हर्सूलकडून चालत यायची. नवरा नव्हता, घरी म्हातारी सासू आणि शाळेत जाणारी लेक. उंचीनं बेताची, आवाज मात्र खणखणीत. रडक्या पोराला ती कधी उगी उगी म्हणायची नाही. म्हणायची, "रड बाबा, लई दिवस झाले कुणाचं रडणं ऐकलं नाय." पोरगं बुचकळ्यात पडून गप्प व्हायचं. मग वरणभात, मग गोष्ट. गोष्टीत राक्षस असला तर तो जेवल्याशिवाय कुणाला खायचा नाही, असा तिचा नियम होता. कुणाकुणाची लेकरं माझ्यात बसून तिच्या हातानं जेवली! भाषा कळो न कळो, जेवायची सगळी.

तरी काही आईबाप हट्टी असत. पोरं आमच्याजवळच पाहिजेत, म्हणायचे. अशा वेळी मला खाली हॉलमध्ये आणत, आणि तिथं तात्यासाहेबांची एक युक्ती चालायची. "लेकरांदेखत बाटली बरी दिसत नाय," असं म्हणून ते अशा टेबलावर बाटलीही ठेवू देत नसत आणि ग्लासही. मल्हारी वेटर आत जाऊन चहाच्या केटलीत रम ओतायचा, वर गोड कोला घालायचा आणि कपबशी मांडायचा. हाळी द्यायची ती 'स्पेशल चहा' म्हणून. बापाची अब्रू राहायची आणि पोरांना पत्ता लागायचा नाही. मोठी माणसं या युक्तीवर फार खूश असत. मी लाकडाची असून मला ते बघवत नसे. जे करायला स्वतःलाच अवघडतं ते लेकराच्या पुढ्यातच बसून करायचं, आणि वर सभ्यपणाचा आव आणायचा, हे काही मला कधी समजलं नाही.

ते दिवस नामांतराचे होते. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव होऊन वर्षं उलटली होती आणि नाव काही लागत नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत मोठा मोर्चा निघणार होता. भागूबाईनं चांगली आठवडाभर आधी रजा मागितली. तात्यासाहेब नोटा मोजत होते, मान वर न करता "जा" म्हणाले.

मोर्चाच्या दिवशी रस्ते बंद, दुकानं बंद. बार्शीहून आलेलं शेटे कुटुंब हॉटेलात अडकून पडलं. वेरूळला जायला गाडी मिळेना. लीलाबाई शेटे, त्यांचे यजमान, सात वर्षांचा अजू आणि तीन वर्षांची बेबी. दिवसभर खोलीत बसून पोरांनी उच्छाद मांडला. संध्याकाळ झाली तसे शेटेसाहेब म्हणाले, "वेरूळ तर बुडालंच, निदान गाणी तरी ऐकू." वरच्या खोलीला कुलूप होतं. मला खालीच ठेवलं, बेबीला माझ्यात बसवलं, आणि मल्हारीनं केटली आणली. लीलाबाईंना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. नवरा चहाच पितोय, असंच त्या समजत होत्या.

थोड्या वेळानं शेटेसाहेब फर्माइश सांगायला चौथऱ्याकडे गेले. लीलाबाई पाठ फिरवून बेबीचा सांडलेला भात वेचत होत्या. बेबी म्हणाली, "दादा, च्या." घरी आजी तिला बशीत चहा देते, हे अजूला माहीत. त्यानं मोठ्या मायेनं कपातलं बशीत ओतलं, फुंकर घातली आणि बहिणीच्या तोंडाला लावलं. गोड होतं. बेबीनं बशी रिकामी केली आणि पुन्हा मागितलं. अजूनं पुन्हा दिलं.

आधी ती नुसती हसत सुटली. शेजारच्या टेबलांवरचे लोकही कौतुकानं हसले. मग तिची मान माझ्या फळीवर कलंडली आणि तिला उलट्या सुरू झाल्या. लीलाबाईंनी तिला उचलताना तिच्या तोंडाचा वास घेतला, मग कपाचा घेतला, आणि धावत आलेल्या नवऱ्याकडे जे पाहिलं ते मला अजून दिसतं. रिक्षा आली, सगळे दवाखान्यात गेले. ऑर्केस्ट्रा तेवढ्यापुरता थांबला. मला कुणी पुसलंही नाही. मी तशीच उभी होते आणि त्या हलक्याशा ओझ्याची वाट बघत होते. जीव नुसता टांगणीला लागला होता.

सकाळी बेबी परत आली. मलूल होती, पण शुद्धीवर होती. डॉक्टरांनी धोका टळल्याचं सांगितलं, हे मल्हारी सगळ्यांना सांगत सुटला.

आता दोष कुणाचा, हे ठरायचं होतं, आणि ते फार झटकन ठरलं. शेटेसाहेब म्हणाले, "ती सांभाळणारी बाई असती तर पोरं वरच राहिली असती." तात्यासाहेब म्हणाले, "बरोबर आहे साहेब. मोर्चाची हौस, दुसरं काय." तेवढ्यात बातमी कळून भागूबाई दारात येऊन उभी राहिली. घोषणा देऊन तिचा घसा पार बसला होता.

"उद्यापासून येऊ नको," तात्यासाहेब म्हणाले. "तू नव्हतीस म्हणून हे घडलं."

मल्हारी म्हणाला, "साहेब, केटली तर म्या आणली."

"तू गप बस."

भागूबाई आधी बेबीजवळ गेली, तिच्या कपाळाला हात लावला. मग लीलाबाई बोलल्या. त्या कुणाकडे बघत नव्हत्या. "ही बाई नव्हती हे खरं. पण मुलांना खाली आणलं आम्ही. आणि मुलांपासून लपवायचं म्हणून तुम्ही ते माझ्यापासूनही लपवलंत."

भागूबाईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. बसलेल्या घशानं, पण शांतपणे तिनं विचारलं, "साहेब, ही खुर्ची आल्यापासनं किती लेकरं हिच्यात बसली? तुमचा नातू बसलाय का कधी, या हॉलात, रातच्याला?"

खरं सांगायचं तर नातू कधीच बसला नव्हता. सुट्टीला आला की तो हॉटेलात यायचा तो सकाळी, पुरी-भाजी खायला. भागूबाई पायऱ्या उतरून निघून गेली. घरात मिळवणारी ती एकटीच होती, आणि आता तिला काम नव्हतं. मला रडता येत नाही, पण त्या दिवशी यायला हवं होतं.

पुढं ती चिकलठाण्याला राहायला गेली. कारखान्यांत आता बायकाही कामाला लागल्या होत्या. त्यांची लेकरं ती घरीच सांभाळू लागली, हे मला मल्हारीच्या बोलण्यातून कळलं.

वरची खोली बंदच राहिली आणि मी आता रोज हॉलमध्येच असे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तात्यासाहेबांचा मुलगा आणि सून पुण्याहून आले. सुनेला हॉटेलचं कौतुक. एका संध्याकाळी तिनं नातवाला आणलं आणि सरळ माझ्यात बसवलं. दिवे लागलेले, बाई गात होती, शेजारच्या टेबलावर कपबशा मांडलेल्या. तात्यासाहेब गल्ल्यावरून उठले. भरल्या हॉलमधून आले, पट्टा सोडला आणि नातवाला काखोटीला मारलं. "इथं नाय," एवढंच म्हणाले. सून म्हणाली, "अहो मामंजी, बाकीची मुलंही बसतात की." इतकी वर्षं दुसऱ्यांची लेकरं बसवलेली खुर्ची त्यांच्यासमोर रिकामी उभी होती. मी मुद्दाम काही केलं नाही. नुसती उभी होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला रिक्षात घातलं आणि स्वतः चिकलठाण्याला आणलं. भागूबाईच्या दारात मला ठेवून ते म्हणाले, "आजपासून हॉलात लेकरं घेत नाय. खोली पुन्हा उघडतो. तू परत ये." तिनं आधी पाणी पुढं केलं. ते त्यांनी घेतलं. मग ती म्हणाली, "खोली उघडा, चांगलं व्हईल. पण मी नाय यायची, साहेब. माझी लेकरं इथं हायेत. त्या दिवशी माझं चुकलं नव्हतं, तेवढं म्हणा."

तात्यासाहेबांना ते जड गेलं. दारात शेजारणी उभ्या होत्या. पण ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुझं नव्हतं चुकलं."

आज माझा एक पाय खिळ्यांवर तग धरून आहे. पट्टा जाऊन त्या जागी जुन्या साडीचा काठ आलाय. विद्यापीठाला नाव लागलं, भागूबाई म्हातारी झाली, तिची लेक आता पोरं सांभाळते. तुम्ही सुट्टीवर जा, गाणी ऐका, हवं ते प्या. माझी ना नाही. फक्त एक करा. लेकराला बसवण्याआधी त्या जागेवर एकदा नजर टाका. त्याच्यासमोर जिथं तुम्हाला काही लपवावं लागतं, तिथं माझ्यासारखी खुर्ची मागू नका. त्याला घेऊन दुसरीकडे जा.