पाटोद्याच्या अलीकडचा घाट

सोमलिंगअप्पांनी दोन इलेक्ट्रिक सायकली आणल्या, तेव्हा घाटनांदूरच्या पेठेला आठवडाभर दुसरा विषय नव्हता. काळी अप्पांची, लाल जगदेवीची. अप्पा कापड दुकानाचे मालक, साठीला टेकलेले, दोन वर्षांपूर्वी लातूरला जाऊन हृदयात स्टेंट बसवून आलेले. डॉक्टरांनी त्यांना सायकल चालवायला सांगितली होती, पण चढावर छातीला ताण द्यायचा नाही, म्हणून मोटरची. आणि वाटेत काही झालं तर सोबत कोणी हवं, म्हणून दुसरी बायकोला.

जगदेवीनं पंचावन्न वर्षांत सायकलला हातसुद्धा लावला नव्हता. पहाटे गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात ती शिकली. तीनदा पडली. कोपराची सालटी निघाली, तेव्हा अप्पा घाबरून म्हणाले, "राहू दे आता. तू दुकानात बसत जा, मी एकटाच जाईन." जगदेवीनं सायकल उचलली, पदर खोचला आणि परत टांग मारली. पंधराव्या दिवशी ती अंबाजोगाईच्या रस्त्यानं पाच किलोमीटर जाऊन आली आणि घरी येऊन शांतपणे भाकरी थापायला बसली. दुसऱ्या दिवसापासून साडीऐवजी पंजाबी ड्रेस. पेठेनं पाहिलं, पेठ दोन दिवस कुजबुजली आणि गप्प झाली.

पाटोद्याला तिची थोरली बहीण सत्यशीला राहते. दिवाळी झाल्यावर तिच्याकडं जायचं ठरलं, तेव्हा अप्पा म्हणाले, "जीप सांगतो."

"कावून? सायकली हायत की."

"आगं, सव्वाशे किलोमीटर हाय ते! मधी डोंगर हाय."

"मग तीन दिवस लागतील. आपल्याला कुटं घाई हाय?"

लेकीनं, शिवकन्यानं, फोनवरून आरडाओरडा केला. जगदेवीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाळा, आजवर मी जीपच्या मागच्या सीटवर बसले, न्हाई तर तुझ्या बाबाच्या स्कूटरवर एका अंगानं. रस्ता मला कदी समोरून दिसलाच न्हाई. आता बघू दे."

पहिल्या दिवशी केज, दुसऱ्या दिवशी नांदूरघाट. दोन्हीकडं अप्पांच्या व्यापारातली ओळखीची घरं होती. मुक्कामाला पोचलं की आधी बॅटऱ्या चार्जिंगला आणि मग हातपाय धुणं. वाटेत तुरी फुलावर आल्या होत्या, कापसाच्या वेचण्या चालू होत्या. वेचणाऱ्या बाया कंबर सरळ करून बघायच्या. एकीनं हाक मारली, "ओ बाई, पाय दुखत न्हाईत का?" जगदेवी ओरडली, "दुखत्यात की! पण मज्जा येते!" आणि रानभर हशा झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र अप्पांच्या अंगात वारं शिरलं. सपाट रस्ता होता, समोर उसाचा ट्रॅक्टर धडधडत चालला होता. अप्पांनी मोटर पाच नंबरवर, म्हणजे पुऱ्या जोरावर टाकली आणि ट्रॅक्टरला मागं टाकलं. मग एका मोपेडला. जगदेवी आपली सगळ्यात कमी जोराच्या एक नंबरवर, पायांनी जमेल तेवढं ओढत मागून येत होती.

"अहो, बॅटरी जपा! पुढं घाट हाय."

"लई हाय अजून!"

घाटाच्या पायथ्याशी, सीताफळाच्या झाडीजवळ, अप्पांची सायकल एकदम जड झाली. हँडलवरच्या छोट्या पडद्यावरचा बॅटरीचा आकडा दोनदा लुकलुकला आणि विझला. अप्पा खाली उतरले. समोर डोंगर, त्यावर वळणावळणानं चढत गेलेला काळा रस्ता. जवळपास पाच किलोमीटर. अप्पांचा हात आपोआप छातीवर गेला, हे जगदेवीनं पाहिलं.

तेवढ्यात मागून एक रिकामा पिकअप येऊन थांबला. चालवणारा तिशीतला गडी होता. "काय झालं काका? बंद पडली? टाका मागं दोन्ही, मी पाटोद्यालाच चाललोय."

अप्पांच्या जिवात जीव आला. "नाव काय तुमचं?"

"मुंजाजी."

"मुंजाजी, देवासारखे आलात बघा. जगदेवी, चल."

जगदेवी रस्त्याकडं बघत होती. तीन दिवस ती या घाटाचाच विचार करत आली होती. नांदूरघाटच्या घरातल्या म्हातारीनं तिला विचारलं होतं, डोंगर कशी चढणार गं?

तिनं खिशातून किल्ली काढली, आपल्या सायकलची बॅटरी सोडवली. मग अप्पांची किल्ली मागून घेऊन त्यांची.

"आगं, काय करतीस?"

"माझ्या बॅटरीत निम्म्याच्या वर चार्ज हाय. ती तुमी घ्या. तुमची मला द्या."

"ती मेलेली हाय! पंचवीस किलोची सायकल, नुसत्या पायानं? खुळी का काय तू?"

"गिअर हायत न्हवं? दमले तर थांबीन. तुमाला वाटलं तर पिकअपमदी बसा, मी रागावणार न्हाई. पण मी चढणार."

सदतीस वर्षांच्या संसारात इतक्या ठाम आवाजात ती फार थोड्या वेळा बोलली होती. अप्पांनी निमूट आपल्या सायकलला तिची बॅटरी बसवली.

मुंजाजी हसला. "काकू, मी मागं मागं येतो हळूहळू. पहिल्या वळणावर लागंलच माझी गरज."

पहिलं वळण आलं. जगदेवीच्या मांड्या पेटल्या होत्या, पण ती थांबली नाही. कपाळावरचं भस्म घामानं ओघळून डोळ्यांत उतरलं. तिनं बाहीनं पुसलं. सायकल इतकी सावकाश चालली होती, की बाजूनं एक शेळी तिच्या बरोबरीनं चालायला लागली. दुसऱ्या वळणावर ती उतरली, पाणी प्यायली, दहा श्वास घेतले. अप्पा शेजारी उभे.

"बास कर आता. माझ्यासाठी."

"तुमच्यासाठी बॅटरी दिली. हे माझ्यासाठी हाय."

ती परत बसली. तिसऱ्या वळणाला चढ सगळ्यात तीव्र होता. हँडल डुगडुगायला लागलं. खाली बघायचं नाही, वर बघायचं नाही, फक्त पुढच्या चाकासमोरचा हातभर रस्ता बघायचा, हे तिचं तिलाच उमगलं. उजवा पाय, डावा पाय. तिनं श्वासाच्या ठेक्यावर 'ओम नमः शिवाय' धरलं. उजव्या पायाला ओम नमः, डाव्याला शिवाय. मागं पिकअपचा हॉर्न वाजला. मुंजाजी खिडकीतून अर्धा बाहेर आला होता. "काकू, थोडंच राहिलंय! थांबू नका आता! हाणा!"

अप्पाही ओरडायला लागले. दुकानात कधी आवाज न चढवणारे सोमलिंगअप्पा भर रस्त्यात घसा ताणून ओरडत होते, "चल जगदेवी! चल!"

आणि एकाएकी पायांखालचा भार हलका झाला. तिला वाटलं, बॅटरी जिवंत झाली की काय. मान वर केली तर पुढं चढच नव्हता. माळ होता, सपाट, आणि माळाच्या पार दूरवर पाटोद्याकडं उतरत जाणारी रानं. वारा सरळ तोंडावर आला.

तिनं सायकल आडवी टाकली आणि गवतात फतकल मारून बसली. ती हसत होती, आणि हसता हसता रडत होती. मुंजाजीनं पिकअप कडेला लावला, उतरून तिच्यासमोर आला आणि चक्क वाकून पाया पडला.

"आता ठेवू का सायकल गाडीत?" त्यानं विचारलं.

"आता कावून? आता तर उतार हाय!"

उतारावर तिनं पहिल्यांदा अप्पांना मागं टाकलं. पाटोद्यात शिरताना लोक वळून बघत होते. सत्यशीला दारात चूळ भरायला तांब्या घेऊन उभी होती. बहिणीचा लालबुंद चेहरा बघून तिनं तांब्या तिथंच खाली ठेवला.

"आक्का, अगोदर भाकरी वाढ. दोन न्हाई, चार," जगदेवी पायरीवर बसत म्हणाली. "आणि दोन्ही बॅटऱ्या लाव. उद्या सौताड्याला रामेश्वराच्या दर्शनाला जायचंय."

अप्पांनी मान खाली घालून विचारलं, "किती नंबरवर चालवू?"

"एक नंबरवर," जगदेवी म्हणाली. "आणि माझ्या मागनं."